हायाबुसावर टर्बो किट : बसवणी, इंधन आणि समुद्रसपाटीवरचे ट्यूनिंग

जुवारीकाठ

दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १३४० सीसीच्या सुझुकी हायाबुसा मोटारसायकलवर टर्बो किट बसवण्याचे आमचे काम गोव्यातल्या कुठ्ठाळीच्या शेडमध्ये पूर्ण झाले आहे. मागच्या चर्चेत अनेकांनी तपशील विचारले होते, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. ही गाडी केवळ धावपट्टीवरच्या अधिकृत ड्रॅग (सरळ रेषेतल्या वेगाच्या) स्पर्धांसाठी तयार केली असून ती पिकअपमधूनच नेली जाते, हे आधीच नमूद करतो. खालचे सर्व आकडे त्या वापराला धरून आहेत.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारी वस्तू, एका दिवसात बसते. खरे काम आहे ते जास्तीच्या हवेला पुरेल एवढे इंधन पोहोचवण्याचे आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर काढण्याचे. म्हणून किटची पेटी उघडण्यापूर्वी आम्ही मूळ इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) चाचणी केली. चार सिलिंडरांपैकी एक जरी इतरांपेक्षा कमी भरत असला, तर त्या इंजिनावर दाब चढवण्यात अर्थ नाही.

पुढचा प्रश्न कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो याचा. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६५ मिमी आहे, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३३५ सीसी होते. मूळ रेशो १२.५ असल्याने पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा सुमारे २९ सीसी भरते. पेट्रोल पंपावरच्या इंधनावर दाब देताना १२.५ हा रेशो फार जास्त आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप) कारखान्यातूनच घेऊन येणाऱ्या गाड्या पाहिल्या की हे लक्षात येते. १९८४ च्या कावासाकी जीपीझेड ७५० टर्बोचा रेशो ७.८ होता आणि २०१५ साली आलेल्या सुपरचार्जरवाल्या निंजा एच२ चा ८.५.

रेशो उतरवण्याचे दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग म्हणजे सिलिंडर ब्लॉकच्या खाली स्पेसर प्लेट घालणे. वरच्या हिशेबाने १ मिमी प्लेटने प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५.१५ सीसी जागा वाढते आणि रेशो १०.८ च्या आसपास येतो. २ मिमी प्लेटने तो ९.५ होतो. मात्र प्लेटमुळे हेड वर उचलले जाते, कॅमचेन ताणली जाते आणि कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचे, टायमिंग मागे सरकते, त्यामुळे खाचा असलेले स्प्रॉकेट लावून ते पुन्हा जुळवावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली जी अरुंद फट मिश्रणाला मध्यभागी ढकलून चांगले घुसळते, तीही तेवढीच रुंदावते. परिणामी रेशो कागदावर जेवढा उतरतो, तेवढी नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची, भीती प्रत्यक्षात उतरत नाही. म्हणून आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि ९.५ रेशोचे फोर्ज्ड पिस्टन बसवले, ज्यांत कडेची ती फट मूळच्या मापाचीच राहते. खर्च अधिक झाला, परंतु इंजिन उघडलेलेच होते. रिंगांच्या टोकांमधली फट पिस्टन बनवणाऱ्याने टर्बोसाठी दिलेल्या मापाप्रमाणे मोठी ठेवली. उष्णतेने रिंग फुगून टोके एकमेकांना भिडली, तर पिस्टनची वरची कडच तुटते.

मेस्त_फोंडा

पिस्टनचा निर्णय योग्य वाटला. मी तेलाबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या टर्बोच्या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

टर्बोच्या बेअरिंगला तेल दाबाने मिळते, पण परतीचा मार्ग पूर्णपणे गुरुत्वाकर्षणावर चालतो. मोटारीत टर्बो संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) वर असतो, म्हणून तेल आपोआप खाली उतरते. मोटारसायकलवर टर्बो इंजिनाच्या पुढे, हेडरच्या (एक्झॉस्टच्या पाइपांच्या) खाली, बहुतेक वेळा संपमधल्या तेलाच्या पातळीइतकाच किंवा त्याहूनही खाली बसतो. अशा वेळी परतीचे तेल खेचून घेणारा वेगळा स्कॅव्हेंज पंप लागतोच. पंप नसेल किंवा त्याची वायर सैल असेल, तर तेल बेअरिंगपाशी साचते, सीलमधून टर्बाइनमध्ये उतरते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग लोक म्हणतात की टर्बो खराब निघाला. बॉल बेअरिंगच्या टर्बोला आत जाणाऱ्या नळीत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असावा आणि गाडी उभी असताना तेल टर्बोत झिरपू नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्हही असावा. पंपाच्या वायरवर स्वतंत्र फ्यूज घाला आणि पंप बंद पडल्यास दिसेल असा दिवा मीटरजवळ लावा.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली म्हणजे पेअर यंत्रणा, जी एअरबॉक्समधली ताजी हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडते. एअरबॉक्सच्या जागी प्लेनम, म्हणजे दाबलेली हवा साठवणारी पेटी आली, की ती वाट प्लेट लावून बंद करावी लागते. दुसरी म्हणजे क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी. तो मूळ एअरबॉक्सला जोडलेला असतो. तसाच प्लेनमला जोडला तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि सील बाहेर फेकले जातात. त्यासाठी वेगळा कॅच कॅन (वाफेतले तेल साठवणारा डबा) लावा. सगळे जोडून झाल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाला बूच लावून पाइपांत हलकी हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहा.

जुवारीकाठ

मेस्त, ब्रीदरचा मुद्दा आपण मांडलात हे बरे झाले. साबणाची चाचणी आम्हीही केली. प्लेनमकडे जाणाऱ्या सिलिकॉन होजवर क्लॅम्प घट्ट होता, तरीही त्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची एक रांग हळूहळू उठत राहिली. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कडा नव्हती, त्यामुळे दाबाखाली होज किंचित मागे सरकत होती. टोकाला कडा करून घेतल्यावर गळती थांबली. वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत किंवा मॅप सेन्सरच्या (प्लेनममधला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) नळीत अशी गळती असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, खरा दाब कधीच समजत नाही. म्हणून सेन्सरची नळी ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या (थ्रॉटल बंद होताच जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) नळीशी टी लावून वाटून घेऊ नये, ती प्लेनमपासून स्वतंत्र आणावी.

आता इंधन. आमचे लक्ष्य २५० अश्वशक्तीचे आहे. टर्बोवर चालणारे पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन खाते, असे धरले जाते. त्या हिशेबाने तासाला सुमारे ६८ किलो, म्हणजे ९० लिटर पेट्रोल लागते. चार इंजेक्टरांत वाटले आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये हा नियम पाळला, तर प्रत्येकी मिनिटाला ४७० सीसीचा इंजेक्टर हवा. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी त्यात आणखी सहा-सात टक्के धरावे लागतात, म्हणजे ५०० सीसीच्या आत काम भागत नाही. तासाला ९० लिटर हा आकडा गाडीच्या इंधन पंपानेही दाबाखाली पुरवला पाहिजे.

इंधनाचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मूळ यंत्रणा इंधनाचा दाब सुमारे ३ बार ठेवते. प्लेनममध्ये ०.५ बार बूस्ट (टर्बोने चढवलेला दाब) आला, की इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक २.५ बार उरतो आणि प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. इंजिनाला अधिक इंधन हवे असते, नेमक्या त्याच क्षणी. म्हणून रेग्युलेटर प्लेनमच्या दाबाला जोडलेला असावा, म्हणजे बूस्ट जितका वाढेल तितकाच इंधनाचा दाबही वाढतो.

इथेनॉलमुळे मिश्रण मोजण्याची पद्धतही बदलावी. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणून जुन्या आकड्यांवर न जाता एक्झॉस्टमधल्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचे वाचन लॅम्डामध्ये घ्यावे. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण जळण्यास लागणारी हवा यांचे प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त. ते इंधनानुसार बदलत नाही. बूस्टमध्ये आम्ही ०.७८ ते ०.८० ठेवला आहे.

सत्तरीचा_वाटसरू

लेख वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. एक शंका आहे. गोव्यात दमट हवा आणि उकाडा असतो. टर्बोवाल्या गाडीचे ट्यूनिंग बहुतेक जण बंगळूरला जाऊन डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करून घेतात. तिथे जुळवलेली गाडी खाली गोव्यात आणल्यावर काही बदल करावा लागतो का? माझ्या एका मित्राला असे सांगण्यात आले की टर्बो उंचीची भरपाई स्वतःच करतो, त्यामुळे काहीच फरक पडत नाही.

जुवारीकाठ

फरक पडतो, आणि समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा हाच मुद्दा आहे.

वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते. ०.५ बारची स्प्रिंग असेल, तर ती सभोवतालच्या दाबावर ०.५ बार चढवून देते, इतकेच. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच असल्याने तिथे हवेचा दाब सुमारे ९१ किलोपास्कल असतो आणि गोव्यात तो सुमारे १०१. म्हणजे गेजवर दोन्हीकडे ०.५ बार दिसत असला, तरी प्लेनममधला निरपेक्ष दाब बंगळूरला १४१ आणि गोव्यात १५१ किलोपास्कल होतो. त्याच गेजवर, त्याच आरपीएमवर इंजिनात सुमारे ७ टक्के अधिक हवा शिरते. आपल्याकडची हवा अधिक उष्ण आणि दमट असल्याने त्यातला काही भाग कमी होतो, परंतु तो पूर्ण फिटत नाही. बंगळूरला ०.८० लॅम्डावर जुळवलेली गाडी, इंधन तेवढेच राहिल्यास, इथे ०.८५ च्या दिशेने सरकते. बूस्टमध्ये तेवढे पातळ मिश्रण आणि त्यासोबत वाढलेला दाब हे पिस्टनला पुरेसे घातक आहे.

हे टाळण्यासाठी ईसीयूचा नकाशा, म्हणजे इंधन आणि इग्निशनचा तक्ता, निरपेक्ष दाबावर आधारलेला हवा. पुष्कळ गाड्यांचे मूळ ईसीयू मोठ्या थ्रॉटलवर केवळ थ्रॉटलची स्थिती आणि आरपीएम पाहून इंधन देतात. त्याच थ्रॉटलवर आणि त्याच आरपीएमवर टर्बो कधी ०.२ बार देत असतो तर कधी ०.५, आणि हा फरक त्या ईसीयूला दिसतच नाही. मूळ दाबमापक सेन्सरही वातावरणाच्या दाबापलीकडे वाचू शकत नाही. म्हणून आम्ही ३ बारचा मॅप सेन्सर लावला आणि बूस्टमधला इंधनाचा संपूर्ण तक्ता दाबावर हलवला. आमच्या ट्यूनरने बंगळूरला १४१ पर्यंतचे रकाने मोजून भरले. त्यापुढचे १४५, १५० आणि १५५ चे रकाने अंदाजाने पण मुद्दाम अधिक इंधन आणि मागे सारलेले इग्निशन (उशिरा पडणारी ठिणगी) देऊन भरले, आणि १६० ला इंधन तोडण्याची मर्यादा घातली. त्यानंतर समुद्रसपाटीजवळच्या डायनोवर गाडी पुन्हा चढवून ते रकाने प्रत्यक्ष लॉगवरून (धावेतल्या नोंदींवरून) दुरुस्त केले. ज्यांना एकदाच खर्च करायचा असेल, त्यांनी मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या ठिकाणीच डायनो शोधावा, हे माझे स्पष्ट मत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या अँबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर गाडी नेल्यास दाब उलट कमी होतो आणि इंजिन सुरक्षित बाजूला राहते.

उकाड्याचा हिशेबही सांगतो. ३३ अंशांची हवा ०.५ बारने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ८७ अंशांवर बाहेर पडते. दाब दीडपट झाला तरी घनता फक्त सव्वापटीच्या थोडी वर जाते, आणि एवढी गरम हवा नॉकिंगला आमंत्रण देते. इंटरकूलरने ती ४५ अंशांवर आणली, तर घनता १.४४ पट होते. म्हणजे एका इंटरकूलरमध्ये जेवढा लाभ आहे, तेवढा बूस्ट वाढवून मिळत नाही. आम्ही पाण्याचा इंटरकूलर लावून त्याच्या टाकीत बर्फ टाकतो. काही सेकंदांच्या धावेसाठी तो पुरतो, लांबच्या प्रवासाला मात्र तो उपयोगाचा नाही.

पर्वरी

तांत्रिक चर्चेत कायद्याची बाजूही नोंदवली जावी, म्हणून लिहिते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. न कळवलेल्या बदलाच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते, आणि अपघातात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाले असल्यास त्याचा भार अखेर मालकावर येऊ शकतो. म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवत नाही, हे सुरुवातीलाच नमूद केले ते योग्यच केले. ज्यांना असे किट लावायचे आहे, त्यांनी स्पर्धेसाठीच्या गाडीचा विचार स्वतंत्रपणे करावा. रोज कामाला नेण्याची गाडी त्यासाठी वापरू नये.

सत्तरीचा_वाटसरू

वकीलताई पर्वरी यांचे म्हणणे पटले. चोर्ला घाटातून नेहमी जाणारा म्हणून त्यात एवढेच जोडतो की, वळणाच्या मध्यावर टर्बो जागा झाला तर मागच्या चाकावर एकाएकी येणारी ताकद ओल्या रस्त्यावर कोणालाही सावरता येणार नाही. डिचोली-साखळीकडची लाल धूळ हा दुसरा विषय. खाली बसलेल्या टर्बोचा फिल्टर पुढच्या चाकाच्या अगदी मागे येतो.

नवखा_३९०

दादा, माझ्याकडे ३९० सीसीची एक सिलिंडरची गाडी आहे. लहान टर्बो आणि पिगीबॅक ईसीयू लावून साधारण ६० अश्वशक्ती मिळेल का? किटची जाहिरात पाहिली आहे.

जुवारीकाठ

आपल्या गाडीबाबत माझा सल्ला नकाराचा आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्टचा झोत दोन आवर्तनांतून एकदाच येतो, त्यामुळे टर्बाइनला सलग फिरते ठेवणे आणि प्लेनममधला दाब स्थिर ठेवणे कठीण जाते. त्याशिवाय त्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशोही उंच आहे. पिस्टन न बदलता त्यावर दाब देऊ नये. पिगीबॅकने, म्हणजे मूळ ईसीयूला जोडलेल्या जादा पेटीने, मूळ ईसीयूच्या इंधनात आणि इग्निशनमध्ये बदल करता येतो, परंतु त्याला मॅप सेन्सरची जोड नसेल तर तो बूस्ट पाहू शकत नाही. एवढ्या पैशांत कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर प्रशिक्षण घेतलेत, तर त्याच गाडीवर आपण कितीतरी वेगवान व्हाल. हे मी मनापासून सांगतो आहे.

मेस्त_फोंडा

इग्निशन आणि प्लगबद्दल कोणी लिहिलेले नाही. आपण इग्निशन किती अंश मागे घेतले? आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल घालून बूस्ट ०.८ पर्यंत नेण्याचा विचार आहे का?

जुवारीकाठ

प्रत्येक पीएसआय बूस्टमागे सुमारे एक अंश मागे, हा जुना ठोकताळा आम्ही सुरुवातीचा बिंदू म्हणून घेतला. ०.५ बार म्हणजे सुमारे ७ पीएसआय, म्हणून सात अंश मागे घेऊन डायनोवर एकेक अंश पुढे आणत गेलो. टॉर्क वाढायचा थांबला त्याच्याही दोन अंश आधी थांबलो, कारण डायनोवरचा पंखा आणि मे महिन्यातली दुपार यांत फरक असतो. प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, लावले आणि फट कमी करून ०.६५ मिमीवर आणली, कारण दाबलेल्या मिश्रणात ठिणगीला मोठी फट ओलांडता येत नाही आणि पूर्ण बूस्टवर मिसफायर होतो.

०.८ बारचा विचार तूर्त नाही. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर नकाशा बांधला, की ते पेट्रोल नसलेल्या दिवशी गाडी काढता येत नाही. आणि चुकून साधे पेट्रोल भरले गेले तर पहिल्याच धावेत नॉकिंग होईल. क्लचला सध्याच अधिक कडक स्प्रिंगा लावाव्या लागल्या आहेत. त्यापुढे लॉकअप क्लच (वेग वाढला की अधिक घट्ट पकडणारा) आणि लांब स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) हा खर्च आलाच.

प्रत्येक धावेनंतर आम्ही गाडी दोन मिनिटे रिकामी चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जागच्या जागी जळत नाही. मग प्लग काढून भिंगाखाली पाहतो. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले, तर नॉकिंग झाले आहे आणि चकाकणारा ठिपका हा पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम आहे. समुद्रसपाटीवरच्या शेवटच्या सत्रात चारही प्लग स्वच्छ होते आणि लॉगमध्ये १५१ किलोपास्कलला लॅम्डा ०.७९ होता. पावसाळ्यापूर्वी फिल्टर टर्बोपासून नळीने वर घेऊन टाकीच्या पुढच्या बाजूला आणायचा आहे. त्या नळीने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवेचा दाब किती पडतो, हे मोजून झाले की त्याचे आकडे इथेच देतो.